फुकटचा फडा

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पुंडलिकनगरातल्या त्या नव्याकोऱ्या फ्लॅटच्या दारात आवडाबाईनं आपला पदर पसरला आणि आतल्या गप्पा एकदम थांबल्या.

तिच्या दुसऱ्या हातात फडा होता. शिंदीच्या पानांचा, पिवळाधमक, मुठीला घट्ट वेणी घातलेला... शहरातली माणसं त्याला केरसुणी म्हणतात, वर्षभर दारामागं उभी करतात आणि दिवाळीला मात्र लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लावतात. हा फडा तिनं कुणा गिऱ्हाइकासाठी बांधला नव्हता. धाकट्या भावाच्या नव्या घराची ही पहिली दिवाळी! एकेक पान तिनं हातानं निवडलं होतं, आणि दौलताबादहून काळीपिवळीत बसून येताना तो कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सारी वाट मांडीवर धरला होता.

"प्रेरणा, पसाभर जवारी घाल गं पदरात," ती भावजयीला हसून म्हणाली. "मंग घे तुझी लक्ष्मी."

सोफ्यावर तिच्या भावाचे, बद्रीनाथचे, कंपनीतले साहेब आणि त्यांच्या मिसेस फराळाच्या बशा घेऊन बसले होते. मिसेसच्या हातातली चकली हातातच राहिली. "या कोण?" त्यांनी विचारलं, अगदी सहज, कुत्सितपणा काही नव्हता त्यात.

"गावाकडून येतात," बद्रीनाथ म्हणाला. "फडे विकतात."

येतात...! ज्या तोंडानं जन्मभर 'अक्का, तू' म्हटलं, त्याच तोंडातून हा शब्द आला. मराठीत मान देऊनही माणसाला दाराबाहेर ठेवता येतं, ते असं. आवडाबाईनं पसरलेला पदर खाली सोडला नाही. प्रेरणा स्वयंपाकघरात जाऊन आली ती रिकाम्या हातानं. घरात जवारी नव्हतीच, गव्हाच्या पिठाच्या तेवढ्या पिशव्या होत्या, आणि पीठ घालावं की काय करावं हे त्या बिचारीला सुचेना.

बद्रीनाथ उठून दाराशी आला आणि अगदी हलक्या आवाजात बोलला. "अक्का, हे दाणं मागायचं बंद कर आता. ते दिवस गेले. फडा द्यायचा तर तसाच दे."

"तसा नाय देता येत रं."

"सख्ख्या भावाला बी नाय?"

"तुला तर नायच नाय."

"मंग घेऊन जा."

आवडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं... अगदी दातांशी येऊन थांबलं होतं. ते तिनं गिळलं. पदर आवरून खांद्यावर घेतला, फडा छातीशी धरला आणि ती जिना उतरून गेली. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दारात आलेली लक्ष्मी माघारी गेली म्हणून आत प्रेरणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्या पाण्याचा राग तिनं नणंदेवर धरला. राग धरायला समोर कुणी नसलं की फार सोपं जातं.

ते गिळलेलं वाक्य काय होतं, ते सांगायलाच हवं.

आवडाबाईच्या घराण्यात फडा फुकट देत नसत. पसाभर का होईना, दाणं घ्यायचंच. लेकीला दिला तरी, जावयाला दिला तरी, आणि भावाला दिला तरी! दाणं न घेता फडा द्यायचा तो एकाच घरी... जिथून मयत उठलं आहे, तिथं. माणूस खांद्यावरून गेलं की बांधणाऱ्यानं आपण होऊन नवा फडा उंबऱ्यावर ठेवायचा, काही न मागता आणि मागं वळून न पाहता निघायचं, आणि त्या घरच्या बायकांनी घर झाडून तो फडा गावाबाहेर टाकायचा. फुकटचा फडा म्हणजे मरणाचा फडा.

आता सांगा, भावाच्या नव्या घराच्या उंबऱ्यात, सणाच्या सकाळी, ती हे कोणत्या तोंडानं बोलणार होती? मरण हा शब्द त्या दारात उच्चारण्यापेक्षा तिनं लोभी ठरणं पत्करलं. परतीच्या काळीपिवळीत शेजारच्या बाईनं विचारलं, "विकला नाय का फडा?" तेव्हा ती "नाय विकला" एवढंच म्हणाली आणि बाहेर सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडं पाहत राहिली.

आणि बद्रीनाथचंही सगळंच चुकलं असं कसं म्हणावं? लहानपणी तो अक्काचं बोट धरून वाड्यावस्त्यांवर फिरला होता. काही घरच्या बायका दाणं पदरात घालत, आणि काही वरून टाकत, हात लागू नये म्हणून... त्या उंचावरून पडणाऱ्या दाण्यांचा आवाज त्याच्या कानांतून कधी गेला नव्हता. साहेबांसमोर बहिणीनं पदर पसरला तेव्हा त्याला तोच आवाज ऐकू आला. नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र त्याला ठाऊकच नव्हता. ठाऊक होणार कसा? आईबाप गेल्यावर घरातला पुरुष म्हणून मयताचा फडा पोचवायचं काम खरं तर त्याच्याकडं यायचं होतं. आवडाबाईनं ते येऊ दिलं नाही. लेकराच्या हातात मरणाचा फडा नको, म्हणून ती स्वतः जात राहिली आणि त्याला शाळेत धाडत राहिली. त्याचं अज्ञान तिनंच मायेनं वाढवलं होतं, आणि आता तेच तिच्या आड आलं!

भावासाठी तिनं याहून मोठं काहीतरी सोडलं होतं, पण ते ती कधी बोलत नसे. लग्न झालं होतं तिचं. सासरच्यांनी निरोप धाडला, नांदायला ये, पण तो पोरगा सोबत नको. ती गेली नाही. पुन्हा बोलावणं आलं, तेव्हाही गेली नाही. पुढं तिकडं दुसरी आणली आणि विषय मिटला. "माझं काय अडलं?" असं ती शेजारच्या सारजाबाईला म्हणायची, आणि गंमत म्हणजे ते खरंच होतं. तिला रडत बसायची सवय नव्हती. कामात तिचा जीव रमायचा.

काम होतंही तसंच. पावसाळा सरला की ओढ्याकाठची शिंदी कोयत्यानं उतरवायची, बुडाचे काटे हाताला रक्त काढायचे. पानं उन्हात टाकायची, हिरवी होती ती पिवळी होईतो रोज पालटायची. मग भल्या सकाळी, हवेत ओल असताना पाणी शिंपडून ती मऊ करायची, नाहीतर वाकवताना तुटतात. लाकडी मोगरीनं बुडं ठेचायची, शेंडे लोखंडी फणीनं विंचरून बारीक करायचे. शेवटी अंबाडीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि अंगाचा सगळा भार मागं टाकून मूठ आवळायची. मुठीची वेणी घालताना आवडाबाई गुणगुणायची. हे सगळं तिला शेजारच्या बन्सीकाकानं शिकवलं होतं, सारजाबाईच्या सासऱ्यानं. आता तो म्हातारा अंगणात बाजेवर पडून तिच्या हाताकडं पाहत असायचा आणि मूठ सैल वाटली की खोकायचा.

त्या वर्षी बद्रीनाथचा फोन येई, नाही असं नाही. "बरी हायेस का?" "बरी हाय." एवढ्यावर तो संपे. तेव्हाही तिला सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? आपण आपल्याच घरासाठी मयताचा फडा मागितला होता, हा काटा त्याच्या मनात रुतून बसला असता, घरात कुणी साधं शिंकलं तरी त्याच्या काळजात धस्स झालं असतं... त्यापेक्षा अक्का लोभी, हे बरं. आवडाबाईनं ओठ मिटले ते मिटलेच.

वैशाखात प्रेरणाला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, सारं जग जाणतं, पण तिथं प्रेरणाच्या कुणा मावसबहिणीला आत्या म्हणून उभं केलं. सारजाबाईच्या सुनेनं मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा आवडाबाईला भाचीचं नाव कळलं. श्रेया! त्या दुपारी शेंडे विंचरताना ती ते नाव पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. एवढं एक दुःख मात्र तिला कामानंही विसरता आलं नाही.

भाद्रपद सरता सरता बन्सीकाका गेला. पिकलं पान होतं, सुखानं गेला. निरोप गेला तसे बद्रीनाथ आणि प्रेरणा आले. बाळाला तिच्या आजीकडं ठेवून आले होते. बद्रीनाथ माणसांबरोबर तिरडीमागं गेला. प्रेरणा पदर डोक्यावर घेऊन सारजाबाईच्या ओसरीत बायकांत बसून राहिली. नणंदेशी नजरानजर झाली होती, पण दोघींपैकी कुणी बोललं नाही.

तेवढ्यात आवडाबाई आपल्या घरातून आली. तिच्या हातात नवा फडा होता. तिनं तो उंबऱ्यावर आडवा ठेवला. गुरूच्या घरचा उंबरा तो, हात काढवेना तिचा... पण तिनं काढला, पदराला हातसुद्धा न लावता वळली आणि मागं न पाहता निघून गेली. सारजाबाईनं हुंदका आवरला, फडा उचलला आणि आतून घर झाडायला घेतलं.

प्रेरणाच्या कपाळावर आठी पडली. झाडून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "सारजाबाई, अक्कांनी तुमच्याकडं दाणं मागितलं नाही?"

"मयताच्या घरी दाणं मागंल व्हय कुणी?" सारजाबाई डोळे पुसत म्हणाली. "ह्यो फडा फुकटच असतोय. जित्या माणसांच्या घरी फुकट देत नाय, मेल्या घरी दाणं घेत नाय. तू त्यांच्या घरची सून, तुला ठाव नाय?"

प्रेरणाला ठाऊक नव्हतं. शहरात वाढलेली मुलगी ती, तिच्या आजोबांनीच हा धंदा सोडला होता. आणि मग तिला दिवाळीचा तो दिवस आठवला. तो पसरलेला पदर, 'तुला तर नायच नाय' हे शब्द! ज्या बाईनं आपल्या सौभाग्यासाठी दारात अपमान गिळला, तिला आपण लेकीच्या बारशाला बोलावलं नाही, या विचारासरशी तिचं अंतःकरण पिळवटून निघालं आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. भोवतीच्या बायकांना वाटलं, म्हाताऱ्याचा हिला किती लळा होता.

परत जाताना तिनं नवऱ्याला मोटारसायकल रस्त्याकडेला थांबवायला लावली आणि सगळं सांगितलं. हेल्मेट काढून त्यानं टाकीवर ठेवलं आणि बराच वेळ तो किल्ल्याकडं तोंड करून उभा राहिला. सुतकाच्या घरून निघालेलं माणूस त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरी जात नाही, नाहीतर तो तिथूनच माघारी फिरला असता.

बन्सीकाकाचे दिवस झाल्यावर रविवारी सकाळी रिक्षा आवडाबाईच्या दारात उभी राहिली. ती अंगणात पानं शिंपडत होती. आधी प्रेरणा उतरली. तिनं पाच महिन्यांची श्रेया नणंदेच्या ओल्या हातांत दिली.

"अक्का, तिच्या कानात नाव सांगा," ती म्हणाली.

"अगं, ठेवलंय की नाव."

"आत्यानं कुठं ठेवलंय?"

आवडाबाईनं बाळाचा कान ओठांशी नेला. इतके महिने शेंड्यांशी, दोरीशी, मोगरीशी पुटपुटलेलं ते नाव आज जिचं तिला पोचलं... तिचे डोळे भरून वाहू लागले, आणि बाळानं मजेत तिच्या नाकाला हात घातला.

बद्रीनाथ मागं उभा होता. पाय धरायला वाकला तशी ती दोन पावलं सरकली.

"अक्का, तू तव्हाच कामून नाय बोललीस?"

"सणाच्या दिशी उंबऱ्यावर तसलं बोलू व्हय?"

"नंतर फोनवर सांगायचं हुतंस."

"अन् तू रातंदिस घोर लावून घेतला असतास. तुला मी वळखत नाय का? लहानपणी काळं मांजर आडवं गेलं तर शाळा बुडवायचास."

त्याही परिस्थितीत प्रेरणाला हसू आलं. बद्रीनाथला आलं नाही. "म्या साहेबाला सांगितलं, फडे विकतात म्हणून," तो खालमानेनं म्हणाला. "तुला... तुला मी 'येतात' म्हणालो, अक्का."

"मंग खोटं काय बोललास? फडेवालीच हाय मी." तिच्या आवाजातली थट्टा विरली. "पर लागलं रं मला ते. लई लागलं."

एवढंच. वर्षभरात तिनं केलेली ही पहिली तक्रार होती, आणि शेवटचीही. ती ऐकल्यावर बद्रीनाथला जे रडू फुटलं ते आवरेना, आणि तिनंही ते आवरू दिलं. रडून झाल्यावर माणसाला भूक लागते हे तिला अनुभवानं माहीत होतं, तेव्हा तिनं चूल पेटवली.

जेवताना तो म्हणाला, "तू आता आमच्याकडं राहायला चल."

"आन् शिंदी काय तुझ्या गॅलरीत वाळवू? हितं माझं बरं चाललंय. सणावारी येत जाईन. बोलवत जा म्हंजी झालं."

तो काही वेळ ताटातली भाकरी नुसती मोडत राहिला. मग त्यानं मनातली गोष्ट बोलून टाकली. "बन्सीकाकाच्या दारात तू फडा ठेवलास. आपल्या दारात... कधी तरी... कुणी ठेवायचा? तुझ्याबिगर आपल्यात कुणालाच बांधता येत नाय."

प्रेरणा दचकली. पण आवडाबाई त्याच्याकडं शांतपणे पाहत राहिली. ज्या हातांना तिनं जन्मभर या कामापासून लांब ठेवलं, ते हात आज आपण होऊन पुढं आले होते. आता तो लेकरू राहिला नव्हता, हे तिला कबूल करावं लागलं.

"ते बघू तव्हाचं तव्हा," ती म्हणाली. "आधी जित्या घरचा बांधायला शिक. चल, धू हात."

अंगणात तिनं त्याला समोर बसवलं. पॅन्ट वर करून त्यानं पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवली. पहिली काही पानं तर तुटलीच. शेंडे विंचरताना फणी बोटात घुसली. मूठ आवळताना त्यानं मागं भार टाकला तो इतका की तो चक्क उताणा पडला, आणि पडवीत बाळाला घेऊन बसलेली प्रेरणा पोट धरून हसली. आवडाबाई मध्ये हात घालत नव्हती. मूठ सैल झाली की नुसती खोकत होती. ती खोकली की तिच्याच डोळ्यांसमोर ती शेजारची बाज येई आणि क्षणभर तिचे डोळे पाणवत.

उन्हं कलली तेव्हा कुठं फडा झाला. वेणी एका बाजूला गेलेली, शेंडे वरखाली, मूठ मध्येच पोट सुटल्यासारखी. बाजारात कुणी हातात धरला नसता. बद्रीनाथनं तो दोन्ही हातांनी बहिणीपुढं धरला.

"हा तुझ्या घराला, अक्का."

तिनं फडा निरखून पाहिला, उलटा केला, मुठीवर अंगठा दाबून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते शब्दांत कुठं सांगावं! ती उठली, आत गेली आणि कणगीचं झाकण काढू लागली.

"अगं, तुझ्याकडून काय दाणं घ्यायचं?" बद्रीनाथ सवयीनं म्हणाला. "राहू दे. तसाच घे."

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. प्रेरणानं तोंडावर हात ठेवला.

आवडाबाई दारात आली. तिच्या ओंजळीत जवारी होती आणि ती हसत होती, अगदी गदगदून हसत होती.

"तसा घेऊ व्हय?" ती म्हणाली. "मला लई जगायचंय रं अजून. पसर की."

पसरायला त्याच्याजवळ काही नव्हतं. त्यानं घाईघाईनं शर्टाचं टोक दोन्ही हातांनी पुढं धरलं. आवडाबाईनं वाकून, हात अगदी कापडाला टेकवून, पसाभर जवारी त्यात घातली. मग आत जाऊन आणखी एक पसा आणला, आणि मग आणखी एक. नियमाला एकच पुरला असता, पण आज तिला मोजायचं नव्हतं. बद्रीनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळं त्याला ते पुसता येत नव्हतं, म्हणून प्रेरणा आपला पदर घेऊन उठली.

"हलू नको," अक्का म्हणाली. "सांडंल."